नुसताच फुटवा

आमच्या घराच्या मागच्या बाजूला ऊन येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. सकाळी चहा गाळेपर्यंत येतं, कुंपणाला जरा टेकतं आणि घरातली माणसं उठायला लागली की निघून जातं. मला त्याचा राग नाही. जमलं असतं तर मीही तेच केलं असतं.

एका बाजूला शेजाऱ्यांची दुमजली भिंत. दुसऱ्या बाजूला त्यांचंच एक जुनं झाड, ज्याची फळं त्यांच्याकडे पडतात आणि पानं आमच्याकडे. मध्ये स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणापर्यंत ओलसर मातीची पट्टी. घरासमोर सासूबाईंचे गुलाब आहेत. तिथे ऊन आहे, रस्ता आहे, रस्त्यावरून जाणारी माणसं आहेत आणि त्या माणसांकडे सल्ले आहेत. मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडून घरी बसले, तेव्हापासून समोर उभी राहिले की कुणीतरी थांबून सांगायचं, पोरीला टोपी घाला. टोपी घातलेली असली तर सांगायचं, काढा. मागे कुणी येत नाही. म्हणून बाग मागे करायची ठरवली. या घरात पडद्यांचा रंग सासूबाईंनी ठरवलाय, वस्तूंच्या जागा सासऱ्यांनी आणि टीव्हीचा आवाज नवऱ्याने. मी ठरवलेली ही एकच गोष्ट, आणि तीही अंधारात.

मुलीला सगळे मुंगी म्हणतात. जमिनीवर पडलेला कुठलाही कण सगळ्यांच्या आधी तिला दिसतो आणि दिसला की तोंडात जातो. आजवर मी तिच्या तोंडातून एक बटण, खडू, वर्तमानपत्राचा अग्रलेखाकडचा कोपरा आणि सासऱ्यांच्या चष्म्याचा स्क्रू बाहेर काढलाय. नोकरीत असताना मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. निवळशंख दिसणाऱ्या पाण्यात काय काय असू शकतं, हे मला पगार देऊन शिकवलेलं आहे. अशा बाईच्या पदरात नुकतं चालायला लागलेलं मूल टाकणं म्हणजे आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

त्यामुळे रोपवाटिकेतल्या बाईंनी विचारलं, "फुलं कुठल्या रंगाची हवीत?" तेव्हा मी म्हणाले, "खाल्ली तर चालतील अशी."

बाईंनी मला एकदा नीट पाहून घेतलं. मग सावलीत वाढणारं एक सुंदर निळं फुलझाड पुढे केलं. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर वाचलं, तर ते विषारी बचनागाच्या कुळातलं निघालं. "हे कुणी खात नाही हो," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही आमची मुंगी पाहिलेली नाही."

शेवटी तीन प्रकार ठरले. तिन्ही सावलीत वाढणारे, थंडीत जमिनीपर्यंत वाळून पुढच्या वर्षी पुन्हा उगवणारे, तिन्ही उशिरा फुलणारे, आणि तिन्ही मी पान, देठ, मूळ, पाकळी असं सगळं शोधून, दोनदा खात्री करून निर्धोक ठरवलेले. एकाचं फूल कासवाने तोंड किंचित उघडावं तसं. दुसऱ्याच्या फुलावर बेडकाच्या पाठीसारखे जांभळे ठिपके. तिसरं साधं पांढरं रानॲस्टर.

"कधी फुलतील?" मी विचारलं.

"उन्हाळा सरला की. सगळ्यांची फुलं संपली की यांची सुरू होतात."

"म्हणजे नक्की कधी?"

"ताई, आपण फक्त पाणी घालायचं."

घरी आल्यावर मी कासव, बेडकी आणि ॲस्टर अशी ओळख करून दिली. सासऱ्यांनी चष्मा वर करून पिशवीत पाहिलं. "फुलझाडं आणलीस की प्राणिसंग्रहालय?"

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. ते वजनमापं तपासणारे अधिकारी होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण तपासणी थांबलेली नाही. ते दुकानात नुसते शिरले तरी वाण्याचा हात काट्यापासून आपोआप दूर होतो. मागच्या पट्टीवर त्यांचा डोळा होता तो वेगळ्या कारणाने. त्यांना तिथे फरशी हवी होती. मातीमुळे घरात चिखल येतो हे सांगायचं कारण. खरं कारण त्यांची खुर्ची. ओल्या मातीत खुर्चीचा एक पाय रुततो आणि बसलेला माणूस तिरका दिसतो. तिरका माणूस त्यांना चालत नाही, तो ते स्वतः असले तरी.

फरशा आधीच आलेल्या होत्या. मोठ्या, राखाडी, रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात शोभतील अशा. मी रोपं लावली त्याच आठवड्यात अप्पांनी त्या शेजाऱ्यांच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, लाकडी ठोकळ्यांवर उभ्या करून, ओळीने रचल्या. नेमकी तिथे माझी एक बेडकी होती.

"अप्पा, त्याच्यामागे माझं एक रोप आहे."

"सावलीतलंच झाड ना तुझं? मग आणखी सावली."

मी त्या रोपावर मनातल्या मनात पाणी सोडलं. उरलेली वाचवायला हवी होती. फरशीवाला कधी येणार, असं विचारल्यावर कळलं की तो एका मोठ्या इमारतीच्या कामात अडकलाय, थंडीच्या तोंडावर मोकळा होईल.

"मग तोपर्यंत जागा माझी," मी म्हणाले. "फुलं आली तर फरशी नाही."

अप्पांना करारमदार आवडतात. त्यांनी खुर्ची सरळ केली. "फुलं म्हणजे किती?"

"एक तरी."

"चालेल. फरशीवाला येईल त्या दिवशी, त्या जागेत, एक तरी उमललेलं फूल. कळी धरणार नाही."

"उमललेलं म्हणजे?"

"पाकळ्या मोजता आल्या पाहिजेत. आणि सूनबाई, बाहेरून आणून खोचलेलं चालणार नाही. देठ बघेन मी."

"मी तसं करीन असं वाटतं तुम्हाला?"

"माझ्या नोकरीत सगळेच तसं म्हणायचे," अप्पा म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडं हातभर झाली. तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर एक छोटं व्याख्यान दिलं, आणि पुढचं सगळं महाभारत त्या व्याख्यानातून घडलं. मी सांगितलं की या झाडांचे शेंडे खुडायचे असतात. पानांच्या जोडीच्या बरोबर वर, नखाने, अलगद. एक शेंडा खुडला की त्या जागी दोन फुटवे येतात, झाड घेरदार होतं, फुलं जास्त येतात. मी एक काडी घेऊन खुडूनही दाखवलं. मग म्हणाले की हे उन्हाळा अर्धा होईपर्यंतच करायचं. त्यानंतर शेंड्याला कळ्या धरतात, तेव्हा हात लावायचा नाही.

आमच्या घरात कुठलंही वाक्य अर्धंच पोचतं. पहिल्या अर्ध्याला सगळ्यांनी मान डोलावली. दुसरं अर्धं मी बोलत होते तेव्हा सासूबाई भांडी उचलत होत्या, नवऱ्याचा फोन वाजला होता आणि मुंगीच्या नाकात भाताचं शीत गेलं होतं. अप्पांनी तेवढं पूर्ण ऐकलं असावं, कारण ते कुणाचंही पूर्ण ऐकून घेतात. नंतर उलटतपासणीला बरं पडतं.

मी वेळेवर खुडलं आणि वेळेवर थांबले. झाडं खरंच घेरदार झाली. रोज सकाळी मुंगीला कडेवर घेऊन मी एकेक शेंडा बघायचे, कळी दिसते का. समोर सासूबाईंचे गुलाब फुलत होते, सुकत होते, पुन्हा फुलत होते, आणि त्या रोज एक कापून टेबलावरच्या फुलदाणीत ठेवत होत्या.

"तुझं काही आलं का गं?" त्या विचारायच्या.

"उशिराची आहेत आई ती."

"हो, हो. येतील. घाई कशाला. माझ्या गुलाबांना काय, उन्हाची सवय आहे."

उन्हाळा अर्धा झाला, मग पाऊण झाला. झाडं आणखी घेरदार झाली. कासवाचं तर झुडूप झालं. ॲस्टर उशीसारखं फुगलं. कळी मात्र औषधालाही नाही. नवरा एकदा म्हणाला, "अगं, हिरवंही छान दिसतं." हा एका विमा कंपनीत अपघातांचे दावे बघतो. लोकांच्या नुकसानाची चांगली बाजू दाखवायची त्याला सवय आहे.

मग एका सकाळी मला दिसलं. बेडकीचा एक शेंडा नव्हता. पानांच्या जोडीच्या बरोबर वर, नखाने, अलगद. पाहते तर दुसराही नव्हता. गोगलगाय असती तर पान कुरतडलं असतं. ही माणसाची करणी होती, आणि माझ्याच पद्धतीने केलेली.

प्रयोगशाळेत एक शिकवलं होतं. पाणी गढूळ का, हे विचारण्याआधी ते गढूळ असण्यात फायदा कुणाचा, हे बघायचं. इथे फायदा एकाच माणसाचा होता. तो माणूस रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी उभा राहायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून. त्याच्या पुढ्यात काय चाललंय, ते मला दिसायचं नाही. दिसायची फक्त पाठ. पण निवृत्त अधिकाऱ्याची पाठ इतकी निष्पाप दिसू लागली की समजावं, पाणी मुरतंय.

मी लाल लोकरीचे छोटे तुकडे घेतले आणि प्रत्येक झाडाच्या एकेका शेंड्याला सैलसर बांधले. दुसऱ्या दिवशी ॲस्टरचा धागा मातीत पडलेला होता. त्याच्या पुढच्या दिवशी बेडकीचा, आणि त्यानंतर कासवाचा. अप्पा चहा पिताना म्हणाले, "हे लाल कशासाठी?"

"असंच. शोभेला."

"हं," अप्पा म्हणाले. त्या हुंकारात मला कबुलीजबाब ऐकू आला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अप्पा? छे. अप्पा स्वतःची साखर चमच्याने मोजून घेतात."

"म्हणूनच. मोजून खुडतायत."

"तू जरा झोप काढत जा गं दुपारी."

बायकोच्या कुठल्याही शोधावर नवरा झोपेचा उपाय सुचवतो. मी त्या रविवारी चहाच्या वेळेला, सगळे टेबलाभोवती असताना, विषय काढायचाच असं ठरवलं. मुंगी तिच्या उंच खुर्चीत होती. अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमटीत धरायच्या कलेत ती आता तरबेज झाली होती. डॉक्टरांनी बोटांची पकड छान आहे म्हटल्यापासून मी त्या चिमटीची जाहिरात करत फिरत होते. पाव, बटणं, माझा गाल, ती सगळंच चिमटीत धरायची.

"मागे कुणाचा तरी हात चालतोय," मी अप्पांकडे बघून म्हणाले. "शेंडे जातायत. कळी धरायच्या आधीच."

"बघतोय मी," अप्पा शांतपणे म्हणाले. "बरेच दिवस बघतोय."

"बघताय?"

"रोज. पण ते तूच करतेयस ना?"

"मी? मी कशाला माझेच शेंडे खुडीन?"

"मला वाटलं काही पद्धत असेल. शिकलेली आहेस. मध्ये लाल दोरेही बांधलेस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कराराच्या दुसऱ्या बाजूला चूक दाखवून देणं नियमात बसत नाही," अप्पा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. "गोगलगायी मात्र मी उचलून टाकत होतो. त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत."

मी काही बोलणार तेवढ्यात मुंगीने हात लांब केला. टेबलावर सासूबाईंच्या गुलाबाची फुलदाणी होती. तिने गुलाबाची कळी चिमटीत धरली, पानांच्या जोडीच्या बरोबर वर, आणि खुडली. दुसरा हात कानाला लावला. मग कळीकडे न बघता, कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "हो शल. हो शल. कलतो शल."

नवऱ्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

त्याच्या साहेबांचे फोन संध्याकाळी येतात. घरात टीव्ही असतो म्हणून तो बोलायला मागे जातो आणि येरझाऱ्या घालतो. माणूस साहेबाशी बोलत असला की त्याच्या हाताला काहीतरी लागतं. काहीजण कागदावर चौकोन काढतात. हा एका 'हो सर'ला एक शेंडा घेत होता. त्याच्या विभागात त्या महिन्यात फार गडबड चालली होती, हे मला कासवाकडे बघून कळायला हवं होतं.

"अगं, तूच सांगितलं होतंस खुडायला," तो म्हणाला.

"कधी?"

"तेव्हा. उन्हाळ्यात."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, मी सांगितलेलं एक काम तू केलंस. आणि तेही मुदत संपल्यावर."

सासूबाई हसत होत्या. त्या हसण्यात मुलाला वाचवण्याचा सूर होता. "असू दे गं, पुरुषांना काय कळतं त्यातलं." तेवढ्यात मुंगी खुर्चीतून त्यांच्या दिशेने वाकली. तिने ती कळी सासूबाईंच्या स्वेटरच्या खिशात घातली आणि खिशावरून दोनदा थोपटलं. अगदी सराईतपणे. अप्पांनी हात पुढे केला.

"खिसा दाखवा," ते म्हणाले. बायकोला. अहोजाहो करून.

खिशातून गुलाबाची कळी निघाली. तिच्याखालून ॲस्टरचे वाळलेले शेंडे निघाले, मूठभर.

"आता काय फाशी देणार का?" सासूबाई म्हणाल्या. "हिला पोरीमुळे वेळ होत नाही, म्हटलं आपण हातभार लावावा. खुडलं की फुटवा येतो म्हणाली ना ही? आला की नाही? केवढं गुटगुटीत झालंय बघा झाड. पोरगी काटकुळी, निदान झाड तरी बाळसेदार दिसू दे."

मुंगीचं वजन या घरात कुठूनही निघतं. मी ते ऐकून सोडलं. "आई, त्याच शेंड्यांना कळ्या येतात."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

अप्पांनी शेंड्यांचा ढीग टेबलाच्या मध्यावर सारखा केला. "ते सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही भांडी उचलत होतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी इतके दिवस ज्या पाठीवर पाळत ठेवली, तो या घरात झाडांना हात न लावलेला एकमेव माणूस होता. बाकीचे सगळे माझ्या बाजूचे होते, आणि माझ्या बाजूच्यांनीच माझा निकाल लावला होता. भीक नको, पण कुत्रं आवर. मी अप्पांना सॉरी म्हणाले. अप्पा म्हणाले, "संशय घेणं हे काम आहे. फक्त वजन बघून घ्यावा."

त्या दिवसापासून मागे जायला सगळ्यांना बंदी झाली. नवरा साहेबाशी बोलायला समोर जायला लागला आणि सासूबाईंचे गुलाब विरळ व्हायला लागले. त्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही. सासूबाई माझ्याकडे चोरून बघायच्या आणि मी मुद्दाम झाडांकडे बघायचे. उरलेल्या फुटव्यांच्या टोकाला हिरवे दाणे दिसायला लागले, मोहरीएवढे. मी वाचून काढलं: त्यांना उमलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आधी गारठा पडतो. मी तरीही रोज बघायचे. पालथ्या घड्यावर पाणी, तेही गोगलगायी वेचून.

"मुदत वाढवून मिळेल का?" मी एकदा विचारलंच.

"मी एकदा मुदत वाढवली ना सूनबाई, की मग तो काटा काटा राहत नाही."

मला राग आला नाही. दुसऱ्या कुणी 'घे गं आणखी पंधरा दिवस' म्हटलं असतं तर ती दया झाली असती. दया मला समोरच्या रस्त्यावर भरपूर मिळते.

फरशीवाला आला तेव्हा हवेत बोचरा गारवा होता. तो दोरी, करणी आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन आला. आल्या आल्या त्याने पाणसळ जमिनीवर ठेवली, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग सासूबाईंच्या टेबलावर, आणि म्हणाला, "काका, तुमचं घरच तिरकं आहे."

अप्पांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ते ज्या खुर्चीत सरळ बसत होते, ती तिरक्या घरात होती.

"आधी अट बघायची आहे," ते म्हणाले. "मी चष्मा घेऊन येतो. तोवर कुणी काही हलवू नका."

पण फरशीवाल्याने त्याआधीच हातमोजे चढवले होते. 'हलवू नका' हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलंय असं समजून घेतलं. कासवाच्या दाण्यांना किंचित गुलाबी छटा आली होती. ॲस्टरवर पांढऱ्याचा मागमूस नव्हता. मी मुंगीला कडेवरून खाली ठेवलं. शेवटचं एकदा सगळं नीट बघून घ्यावं म्हणून मी झाडांपाशी बसले. माझ्या मागे फरशीवाला कोपऱ्यातल्या फरशा एकेक करून उचलून बाजूला ठेवत होता.

"ताई," तो म्हणाला, "इथे एक लांबडा किडा आहे. ठिपकेवाला. चावतो का?"

मी वळले. शेवटच्या फरशा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाणार नाही एवढी फट होती. त्या फटीतून, उन्हाळाभर वरच्या उजेडाच्या दिशेने वाढत आलेली, बारीक, फिकट, एकच एक काठी उभी होती. तिला एकही फुटवा नव्हता. कुणी खुडलीच नव्हती. ना सासूबाईंना दिसली, ना नवऱ्याचा हात पोचला, ना मी पाणी घातलं. तिच्या टोकाला पांढरं, जांभळ्या ठिपक्यांचं फूल पूर्ण उघडलेलं होतं, आणि खाली दोन कळ्या.

ती माझी बेडकी होती. जिच्यावर मी पाणी सोडलं होतं ती.

मी "अप्पा" अशी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या बाजूने एक छोटा हात पुढे गेला. अंगठा, तर्जनी. पानांच्या जोडीच्या बरोबर वर.

"हो शल," मुंगी म्हणाली आणि ते फूल तिने तोंडात घातलं.

एरवी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. किंचाळले असते, तिला उलटं धरलं असतं, बोट घातलं असतं, डॉक्टरांना फोन लावला असता आणि मग रात्रभर तिचा श्वास मोजला असता. त्या दिवशी मी जागची हलले नाही. पान, देठ, मूळ, पाकळी. दोनदा खात्री केलेली होती. पोर माझ्यासमोर फूल चघळत होतं आणि मला भीती फक्त कराराची वाटत होती. आई झाल्यापासून इतकी स्वस्थ मी कधी उभी राहिले नव्हते.

अप्पा चष्मा पुसत दारात आले. त्यांनी उचललेल्या फरशा पाहिल्या, नुसती काठी पाहिली, मुंगीचे गाल पाहिले. "काय आहे तोंडात?"

"पुरावा," मी म्हणाले.

ते मातीत गुडघे टेकून बसले. सासूबाई आणि नवरा दारात येऊन उभे राहिले. अप्पांनी तळहात पुढे केला. "मुंगे, थू."

मुंगीने नातं ओळखून थू केलं. ओलं, चुरगळलेलं फूल तळहातावर आलं. अप्पांनी देठाचं टोक चष्म्याजवळ नेलं. "ताजं आहे," ते म्हणाले. मग काठीच्या टोकाशी जुळवून पाहिलं. मग फरशीवाल्याकडे वळले. "झाडावर होतं?"

"होतं काका. मी आधी किडा समजलो."

"उमललेलं?"

"चांगलं हे एवढं. मी मागे सरलो."

अप्पांनी एकेक पाकळी बोटाने सरळ केली. "एक. दोन. तीन. चार. पाच." ते थांबले. मुंगीकडे बघितलं. तिची जीभ हळूच हलत होती. त्यांनी करंगळी घालून तिच्या गालाच्या आतून शेवटची पाकळी काढली आणि बाकीच्यांशेजारी ठेवली.

"सहा," ते म्हणाले.

ते उठायला लागले तेव्हा नवऱ्याने हात दिला. अप्पांनी तो घेतला नाही, माझ्या खांद्याचा आधार घेतला. खांद्यावर चांगला भार दिला त्यांनी. मी मोजला नाही.

"मग काका, दोरी कुठून धरू?" फरशीवाल्याने विचारलं.

"दोरी राहू दे. या फरशा जिथून उचलल्यास, तिथेच परत ठेव."

"परत?"

"तशाच. ठोकळ्यांवर, उभ्या. खाली दोन कळ्या आहेत अजून." अप्पांनी भिंत आणि ठोकळा यांच्यामधली फट डोळ्यांनी मापली, मग मुंगीचा हात धरून तिचा पंजा त्या फटीशी नेऊन पाहिला. तो आत गेला. अप्पांनी ठोकळा बोटभर भिंतीकडे सरकवला आणि पुन्हा पाहिलं. आता नाही गेला.

"हं," ते म्हणाले. "आता ठीक आहे."

सासूबाई मागून म्हणाल्या, "आणि तुमची खुर्ची?"

"घरच तिरकं आहे म्हणतो हा," अप्पा म्हणाले. "एक खुर्ची सरळ करून काय होणार?"